खांदेरीच्या लढाईचं मिनिएचर किट: बोटी झकास, समुद्र भलतीकडचा

आधीच सांगते, पूर्ण सेट घेऊ नका. फक्त बोटींचा सेट घ्या. तो वेगळा मिळतो पण त्यांच्या कॅटलॉगमध्ये पार खाली कुठेतरी ढकललाय आणि उघडल्या उघडल्या समोर येतो तो चार हजार आठशेवाला 'कम्प्लीट डायोरामा' (म्हणजे पूर्ण देखावा), ज्यात बेट, समुद्र, रंग, बेस, माणसं सगळं आहे. आपण म्हणतो चला एकदाच घेऊन टाकू, सारखं सारखं कुरिअर कशाला. तिथेच पैसे जातात. विक्रेत्याचं नाव लिहीत नाहीये कारण छोटा धंदा आहे, दोन मुलं मिळून चालवतात असं बोलण्यावरून वाटलं, आणि ज्याला शोधायचंय त्याला सापडेलच.

आम्ही अलिबागचे. घरच्या गणपतीला दरवर्षी काहीतरी देखावा असतोच, आणि जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात आमच्या समोरच्या बेटावरचं खांदेरी आलं म्हटल्यावर घरात सगळ्यांचं एकमत, यंदा खांदेरीच. (अलिबागचा कुलाबा किल्ला नाही आला यादीत त्यावर सासरे अजून चिडलेत, तो विषय वेगळा.) तर १८ ऑक्टोबर १६७९ ची लढाई, इंग्रज विरुद्ध मराठा आरमार, स्केल १:३००, रेझिन प्रिंट (थ्रीडी प्रिंटरने छापलेलं), असं बॉक्सवर लिहिलेलं. पॅकिंग चांगलं होतं, प्रत्येक बोट वेगळ्या फोमच्या खाचेत, एकही वल्हं तुटलेलं नाही. अलिबागपर्यंत कुरिअर येताना काय काय होतं ते आपल्याला माहितीये, त्यामानाने फुल मार्क.

आता बोटी. गुराब, म्हणजे मोठी लढाऊ बोट, बघून मी खरंच खूश झाले. बाजारात 'मराठा जहाज' म्हणून जे काही विकतात ना, ते बहुतेक वेळा युरोपियन जहाजावर भगवा लावलेला असतो. इथे तसं नाही. गुराबेची नाळ (पुढचं टोक) खाली उतरती, लांब पुढे आलेली, आणि तिच्या मागे दोन तोफा थेट पुढे तोंड करून, म्हणजे नाळेवरून गोळा टाकता यावा अशा. हीच तर गुराबेची खासियत. शत्रूकडे सरळ तोंड करून जायचं आणि जाता जाता मारायचं. १:३०० मध्ये त्या तोफा बाजरीच्या दाण्याहून लहान आहेत तरी तोंडाची भोकं दिसतात, भिंगातून बघितलं मी. तळ पण उथळ ठेवलाय. गलबतं त्याहून छोटी, बुटकी, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची रांग. हे ज्याने डिझाइन केलं त्याने वाचन केलंय, शंका नाही.

मग तोच माणूस डोलकाठीपाशी झोपला कसा कळत नाही. आमच्या शेजारी थळचे एक तांडेल (बोटीचे कप्तान) काका असतात, आता बोटीवर जात नाहीत पण आयुष्य दर्यावर गेलंय. त्यांनी एक गलबत हातात घेतलं, असं डोळ्यासमोर धरलं, फिरवलं, आणि म्हणाले, "अगो, ही डोलकाठी मागं का पडलीय? ही पुढं झुकाय पायजे." आणि बरोबरच आहे. तिरक्या शिडाची आपल्याकडची बोट कुठलीही बघा, जुना मचवा बघा, काठी नाळेकडे कललेली असते, म्हणजे शिडाचा तो लांब तिरका बांबू काठीच्या पुढून मोकळा फिरतो. किटमध्ये सगळ्या काठ्या मागे कललेल्या. काकांनी दुसरं गलबत उचललं, तिसरं उचललं, सगळी तशीच, मग खाली ठेवून म्हणाले हे काय वाऱ्याला घाबरलेत काय.

हे दुरुस्त होतं पण. छापलेली काठी कटरने कापून टाका, पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) असेल तर त्याने नाहीतर सुई तापवून पुढच्या कोनात भोक पाडा, आणि अगरबत्तीची काडी लावा. मसाला जळून गेल्यावर उरते ती बांबूची काडी, या स्केलला जाडी बरोबर बसते आणि रेझिनसारखी वाकत पण नाही. हो, रेझिनच्या बारीक काठ्या आपल्याकडच्या उन्हात खिडकीपाशी ठेवल्या तर वाकतात, म्हणून तसंही बदललेलं बरं.

शिडं पण फेकून द्या. एक मिलिमीटर जाड रेझिनचं शीड दिलंय. १:३०० ने गुणा, म्हणजे खऱ्या बोटीवर फूटभर जाडीचं कापड झालं. शीड कसलं, भाकरी आहे ती. त्याऐवजी साधा टिश्यू पेपर, एकच पदर, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून औषधाच्या बाटलीच्या गोलाईवर वाळत घालायचा, वाळला की त्रिकोण कापायचा. फुगलेलं शीड आपोआप मिळतं. पांढरा शुभ्र नको असेल तर त्या पाण्यात थोडा चहाचा कोरा अर्क. दोरखंडाला शिवणाचा दोरा वापरणार असाल तर आधी मेणावरून ओढून घ्या, नाहीतर त्याची लव दिसते आणि सगळी गंमत जाते.

इथपर्यंत ठीक. माझी खरी तक्रार पुढे आहे.

झेंडे. इंग्रज बोटींसाठी जे स्टिकर दिलेत त्यात लाल-पांढरे पट्टे आहेत, ते बरोबर, ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा तसाच होता. पण कोपऱ्यात चक्क आजचा युनियन जॅक. अहो तो जॅक, म्हणजे तीन क्रॉस एकमेकांत घुसलेला, १८०१ चा. कंपनीच्या झेंड्याच्या कोपऱ्यात १७०७ पर्यंत फक्त सेंट जॉर्जचा साधा लाल क्रॉस असायचा पांढऱ्यावर. १६७९ च्या लढाईत १८०१ चा झेंडा! हे तर शाळेतल्या पोराने पण पकडलं असतं. उपाय सोपा आहे, पांढरा रंग मारा आणि बारीक ब्रशने लाल अधिकचं चिन्ह काढा, पाच मिनिटांचं काम, पण पैसे दिल्यावर मी का करू?

दुसरं, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या दोन बोटी दिल्यात हिरव्या निशाणाच्या. सिद्दी कासमचं आरमार खांदेरीवर आलं ते नोव्हेंबरमध्ये. १८ ऑक्टोबरच्या लढाईत सिद्दी नव्हताच. बॉक्सवर तारीख तुम्हीच छापलीत ना?

आणि तिसरं म्हणजे मांडणीचं पत्रक. त्यात इंग्रजांच्या आठ बोटी एका सरळ रांगेत, समोर मराठ्यांच्या बोटी दुसऱ्या सरळ रांगेत, दोघं एकमेकांना तोफा मारतायत. युरोपातल्या लढायांची चित्रं बघून काढलंय हे. खांदेरीला झालं ते असं नव्हतंच. इंग्रजांकडे रिव्हेंज नावाची फ्रिगेट (मोठं लढाऊ जहाज), दोन गुराबा, तीन शिबाडं (मालवाहू बोटी), दोन मचवे. मराठा आरमाराच्या दौलतखानाच्या चाळीस-पन्नास बोटी पहाटे चौलकडून अंगावर आल्या. इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत डव्ह नावाच्या त्यांच्या गुराबेने निशाण उतरवलं, ती मराठ्यांच्या हाती लागली. बाकीच्या छोट्या बोटी लांबच राहिल्या आणि रिव्हेंज एकटी उरली मध्ये. तिच्यावर मिंचिन आणि किग्विन हे इंग्रज अधिकारी. (हाच किग्विन पुढे १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्धच बंड करून बसला, भारी माणूस.) रिव्हेंजने मग तोफा चालवून मार्ग काढला, पाच गलबतं बुडवली असं इंग्रज कागदांत येतं.

म्हणजे बघा, देखावा म्हणून हे रांगेपेक्षा किती जिवंत आहे. मध्ये एक मोठं जहाज धुरात, चारी बाजूंनी गलबतं वल्ही मारत येतायत, एका कोपऱ्यात डव्ह निशाण अर्ध्यावर उतरवलेली, आणि मागे लांब इंग्रजांच्या बाकीच्या बोटी तोंड फिरवून. आम्ही असंच मांडलं. घरी दर्शनाला येणारा प्रत्येकजण आधी त्या डव्हकडे बोट दाखवून विचारत होता हिचं काय झालं, मग आमच्या घरातला जो जवळ असेल तो सुरू व्हायचा.

किटमध्ये मराठ्यांची फक्त बारा गलबतं आणि दोन गुराबा येतात. चाळीस-पन्नासचा लोंढा बारामध्ये दिसत नाही. पण इथे मला त्या मुलांचं कौतुक करायचंय. मी मेसेज टाकला की मला तीच गलबतं १:६०० मध्ये छापून मिळतील का, मागच्या रांगेला लावायला, म्हणजे लांब आहेत असं वाटेल. त्यांनी लगेच हो म्हटलं, पैसे पण माफक लावले, आणि वल्ही वेगळी न देता बोटीलाच जोडून दिली कारण त्या मापात वेगळी लावणं कुणालाच जमलं नसतं. हे त्यांनी स्वतःहून केलं. तुम्ही पण मागा. पुढे १:३००, मागे १:६००, टेबल दोन फुटांचं असलं तरी आरमार क्षितिजापर्यंत गेल्यासारखं वाटतं.

आता बेट. हसावं की रडावं. प्लॅस्टिकचं एक पोकळ कवच आहे, जांभ्यासारखं लालभडक, त्याला पिवळी वाळू आणि नारळाची झाडं. खांदेरीचा खडक काळा आहे हो, काळा कातळ. जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे. अलिबागच्या समोरच्या बेटाला मालवणचा रंग दिलात तर कसं चालेल. त्यावर तटबंदी पूर्ण, बुरुज सगळे उभे, जशी आज पडझड व्हायच्या आधी असेल तशी. आणि मुळात लढाई कशासाठी झाली? तर तो तट उठू नये म्हणून! महाराजांनी १६७९ च्या ऑगस्टअखेर आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारीला तिथे माणसं आणि तोफा देऊन उतरवलं, दगड चढायला लागला, मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला कारण बंदराच्या तोंडावरच हे, आणि मग सप्टेंबरपासून नाकेबंदी. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला तो मेलाच. तर ऑक्टोबरमध्ये तट अर्धवट असणार. कुठे कमरेएवढा, कुठे नुसते दगडांचे ढीग, कुठे झापांच्या खोपी. अर्धा तट दाखवलात तर बघणाऱ्याला आपोआप कळतं की ही माणसं कशासाठी लढतायत. पूर्ण तट दाखवलात तर वाटतं किल्ला मजबूत आहे, मग एवढी धावपळ कसली.

आणि दीपगृह! सुट्टा पार्ट म्हणून पांढरं दीपगृह दिलंय. ते १८६७ चं आहे. मी विचारलं हे कशाला तर उत्तर आलं, "मॅडम, लोकांना खांदेरी ओळखू यावी म्हणून." यावर काय बोलणार.

बेट घरीच करा. थर्माकोलची सवय असेल तर सोडा, एकतर २०१८ पासून बंदी, आणि दुसरं म्हणजे स्प्रे पेंट लागला की तो विरघळतो. फ्रीज-टीव्हीच्या खोक्यातला पुठ्ठा थरांमध्ये कापून रचा, दोन टेकड्या येतील असा (दक्षिणेची उंच ठेवा, उत्तरेची जरा बुटकी), वरून कागदाचा लगदा फेविकॉल घालून, आणि सगळ्यात वर शाडूचा पातळ थर. शाडू वाळताना तडकतो म्हणून मूर्तीवाले वैतागतात, इथे तडकू दे, त्या भेगा कातळाच्या सांध्यासारख्याच दिसतात. रंग आधी पूर्ण काळा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी नुसता वरून घासत न्यायचा. शेवटी भरतीच्या रेषेच्या खाली, पाण्यालगत बोटभर पट्ट्यात टूथपिकच्या टोकाने मळकट पांढरे ठिपके. ती कालवं. हे ठिपके दिले आणि तो पुठ्ठ्याचा डोंगर एका क्षणात समुद्रातला खडक झाला, तांडेल काका पण म्हणाले आता बरं दिसतंय. बेट १:३०० च्या खऱ्या मापात करायच्या भानगडीत पडू नका, टेबलावर मावणार नाही, नुसता लढाईकडचा काठ घ्या आणि बाकीचं मागच्या पडद्यात जाऊ दे.

समुद्राचं पण तेच. बाटलीत इपॉक्सी रेझिन, हार्डनर आणि निळा टिंट. तो निळा मालदीवच्या जाहिरातीतला. आमचा समुद्र दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला राखाडी-हिरवट असतो, खाडीचा गाळ अजून बसलेला नसतो, खडकाजवळ तर मातकटच. ऑलिव्ह हिरवा, त्यात बर्न्ट अंबर आणि चिमूटभर राखाडी, हे बेसवर आधी मारा आणि वर बिनरंगाचा चकचकीत थर. निळा टिंट पोरांना द्या रंगपंचमीला.

शिवाय त्या किटवाल्यांनी पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही की हे रेझिन पावसाळ्यात ओतू नका. गणपतीचा देखावा म्हणजे काम श्रावणात होणार, आणि श्रावणात कोकणात हवेत किती पाणी असतं ते कोरड्या गावात बसून कळत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर दुधाळ चिकट साय धरते, आठवडा झाला तरी बोट लावलं की ठसा उमटतो. ओतायचंच असेल तर बंद खोलीत, झाकलेल्या खोक्यात पिवळा बल्ब लावून, आणि एकावेळी अगदी पातळ थर, जाड ओतलं की तापतं आणि बुडबुडे धरतं. हातमोजे घाला, खिडकी मिश्रण ढवळताना तरी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. तीच गोष्ट मॅट स्प्रेची. पावसाच्या दिवसात मारला की बोटींवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा ब्रशने लावायचं मॅट व्हार्निश घ्या.

मी रेझिन उघडलंच नाही. टिश्यू पेपर चुरगळून पसरवला, पातळ फेविकॉल ब्रशने टिपत गेले, सुरकुत्या लाटांच्या दिशेने ओढल्या, वाळल्यावर रंग आणि वर ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन हात. या स्केलला मीटरभराची लाट म्हणजे तीन मिलिमीटर, टिश्यूच्या सुरकुत्या अगदी तेवढ्याच येतात. लोकांचा हात मोठमोठ्या लाटा करण्याकडे जातो आणि मग फ्रिगेट होडीएवढी वाटायला लागते. वल्ही पाण्यात शिरतात तिथे पांढऱ्याचा नुसता स्पर्श, आणि प्रत्येक गलबताच्या मागे बारीक पांढरी रेघ, बास.

बेसचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पण बघून घ्या. कडा उघड्या असतात, आपल्याकडे फुगतात. हातात आल्या आल्या खालून-वरून-कडेने व्हार्निश मारा, मग पुढचं काम.

माणसं बरी आहेत, साडेपाच मिलिमीटरची, वल्हेकरी वाकलेले, तोफेजवळचे उभे. रंगवताना फक्त अंग, मुंडासं आणि कमरेचं वस्त्र, बाकी काही करायला जाऊ नका, दिसत नाही. आणि कृपा करून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे यात उभे करू नका, आमच्याकडे एका छोट्या भाचीने केलं होतं आणि तो मावळा रिव्हेंजच्या डोलकाठीपेक्षा उंच होता, सगळे पाहुणे आधी त्यालाच बघायचे.

धुरासाठी किटमध्ये पॉलिस्टरचा कापूस आहे. त्याला चमक असते, धूर वाटत नाही. जुन्या उशीतला सावरीचा कापूस मिळाला तर तो वापरा, विरळ ओढा, तळाला जरा करड्या पावडरीचा हात. रिव्हेंजच्या दोन्ही अंगांना दाट आणि गुराबांच्या फक्त नाळेपुढे, कारण त्यांच्या तोफा पुढे आहेत. हे एवढं पाळलंत तरी दोन आरमारं लढायची पद्धत वेगळी होती ते धुरावरूनच कळतं.

एकूण मार्क द्यायचे तर बोटींना साडेचार, बाकीच्या बॉक्सला एक, आणि तो एक पॅकिंगसाठी. बोटींचा सेट सुट्टा घेतला तर दोन हजार सहाशेला पडतो, रंग-फेविकॉल-व्हार्निश अलिबागच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळून पाचशेच्या आत. बेट-समुद्र-झेंड्यांबद्दल मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं, फोटोसकट, तर उत्तर आलं की झेंड्याचे स्टिकर पुढच्या लॉटला बदलतो आणि डोलकाठीचं पण बघतो. बेटाबद्दल गप्प. बहुतेक साचा बनवून झालाय, खर्च अंगावर येणार.

सिद्दीच्या दोन बोटी मी ठेवून दिल्यात. जानेवारी १६८० ला सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली, त्याच महिन्यात इंग्रजांनी वेढा उठवला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. उंदेरी छोटी आणि ठेंगणी आहे, पुठ्ठ्याचे दोन थर पुरतील. कुणाकडे १:३०० मध्ये सिद्दीच्या आणखी बोटी पडून असतील तर सांगा, माझ्याकडे बदल्यात एक दीपगृह आहे.